त्रुटी ३५: लिनक्सवरचा डेमन ओपनबीएसडीवर नेताना काय काय उघडं पडलं

लिनक्सवर कित्येक वर्षं विनातक्रार चालत आलेला एक डेमन, म्हणजे पार्श्वभूमीत सतत चालणारा प्रोग्रॅम, ओपनबीएसडी या बीएसडी कुळातल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर न्यायचा होता. प्रोसेसर दोन्हीकडे तोच, ६४ बिटांचा एएमडी६४. कोड सी भाषेतला, त्यात असेंब्लीचा एक छोटा तुकडा. काम असं: मोजमाप करणारी उपकरणं टीसीपीनं जोडली जातात, त्यांचा डेटा घ्यायचा आणि प्रत्येक उपकरणासाठी उघडलेल्या दुसऱ्या जोडणीवरून तो पुढच्या सर्व्हरकडे पाठवायचा. मुख्य लूप ईपोलवर, म्हणजे कोणत्या जोडणीवर काही घडलं ते सांगणाऱ्या लिनक्सच्या सोयीवर, चालतो. प्रत्येक जोडणीला स्वतःचं कोरूटीन, म्हणजे मध्येच थांबवून नंतर पुढे चालवता येणारं काम, आहे आणि त्याचा स्टॅक (फंक्शनांची तात्पुरती मेमरी) मॅलॉक या मेमरी देणाऱ्या फंक्शननं घेतलेला आहे. एका कोरूटीनमधून दुसऱ्यात उडी मारण्याचं काम तो असेंब्लीचा तुकडा करतो. याखेरीज देखभालीच्या आज्ञा घेणारा एक नियंत्रण पोर्ट आहे. तो वेगळ्या थ्रेडमध्ये चालतो आणि तिथलं वाचन साधं, डेटा येईपर्यंत थांबून राहणारं आहे.

रचना एवढ्या तपशिलात सांगण्याचं कारण म्हणजे पुढचा प्रत्येक बिघाड यातल्याच एखाद्या वाक्यातून निघाला.

कंपाइल होईपर्यंत

हा भाग लवकर आटोपला. ओपनबीएसडीवर ईपोल नाही, तिथे त्याच कामाचं केक्यू आहे. म्हणून लूपच्या खाली एक पातळ थर लिहिला, जो एकीकडे ईपोलशी आणि दुसरीकडे केक्यूशी बोलतो. घटना कळवणाऱ्या लिनक्सच्या इव्हेंटएफडीच्या जागी साधा पाइप आला. स्वतःच्या बायनरीचा पत्ता शोधण्यासाठी कोड प्रॉक फाइलसिस्टिममध्ये, जिथे चालू प्रोसेसांची माहिती फाइलींसारखी दिसते, डोकावत होता. ओपनबीएसडीनं प्रॉकएफएस २०१५ च्या ५.७ आवृत्तीत काढूनच टाकलं, त्यामुळे तो पत्ता आता कॉन्फिगरेशनमधून दिला जातो. खरं तर तो तिथूनच यायला हवा होता.

एक बारीक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी होती. त्रुटीच्या आकड्याचा मजकूर देणारं स्ट्रएरर_आर हे फंक्शन ग्लिबसीमध्ये, म्हणजे लिनक्सवरच्या सीच्या नेहमीच्या लायब्ररीत, दोन रूपांत मिळतं. जीएनयू रूप मजकुराचा पॉइंटर परत करतं, पॉझिक्स (युनिक्ससारख्या सिस्टिमांचं सामायिक मानक) रूप एक पूर्णांक परत करतं. कोड पहिल्यावर विसंबला होता, ओपनबीएसडीवर फक्त दुसरं आहे. कंपाइलरनं पूर्णांकाचा पॉइंटर होतोय म्हणून हटकलं. तेव्हा तात्पुरती सोय अशी केली गेली की लॉगमध्ये मजकूर छापायचाच नाही, नुसता एररनोचा, म्हणजे शेवटच्या त्रुटीचा, आकडा छापायचा. या सोयीची किंमत पुढे मोजावी लागली.

बायनरी तयार झाली, सुरू केली, आणि ती निमूटपणे बंद झाली. लॉगमध्ये त्रुटी ९, म्हणजे अवैध फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलीचा किंवा जोडणीचा क्रमांक). केट्रेसनं सिस्टिम कॉलची, म्हणजे प्रोग्रॅमनं सिस्टिमच्या गाभ्याकडे, कर्नलकडे, केलेल्या मागण्यांची नोंद घेतली आणि केडम्पनं ती वाचली, तेव्हा क्रम स्पष्ट दिसला: डेमन आधी केक्यू उघडतो, मग पार्श्वभूमीत जाण्यासाठी फोर्क करतो (स्वतःची प्रत, चाइल्ड प्रोसेस, काढतो), आणि चाइल्ड प्रोसेसमधला केक्यूचा पहिलाच केइव्हेंट कॉल फसतो. ईपोलचा डिस्क्रिप्टर फोर्कनंतर चाइल्डकडे जातो. केक्यू जात नाही, आणि मॅन्युअलमध्ये ते एका वाक्यात सांगितलेलं आहे. लूप उघडण्याचं काम फोर्कनंतर हलवलं आणि डेमन उभा राहिला.

निर्दोष सूचनेवरचा क्रॅश

पहिलं उपकरण जोडलं गेलं आणि लगेच सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे मेमरीच्या चुकीबद्दल प्रोग्रॅम मारला जाणं. कोअर फाइल (पडलेल्या क्षणीच्या मेमरीची प्रत) जीडीबी या डीबगरमध्ये उघडली, तर प्रोग्रॅम सीच्या लायब्ररीत, रीड कॉलच्या आत, कर्नलकडे जाणाऱ्या सिस्टिम कॉलच्या सूचनेपाशी (प्रोसेसरला दिलेल्या आज्ञेपाशी) थांबलेला. ही सूचना स्वतः कुठलीही मेमरी वाचत नाही. रजिस्टरं (प्रोसेसरमधल्या मूल्यं ठेवण्याच्या जागा) जागच्या जागी होती. डिस्क्रिप्टर बरोबर, बफरचा पत्ता बरोबर, लांबी बरोबर. स्टॅक पॉइंटर ज्या पत्त्याकडे बोट दाखवत होता ती मेमरी जीडीबीतून वाचताही येत होती. म्हणजे क्रॅश होता, पण क्रॅश व्हावं असं काहीच समोर नव्हतं.

असेंब्ली असलेल्या कोडमध्ये असं झालं की पहिला संशय तिथेच जातो, आणि तो घेणं योग्यही आहे. एएमडी६४ वर लिनक्स आणि ओपनबीएसडी दोघंही सिस्टिम व्ही एबीआय, म्हणजे फंक्शनांनी एकमेकांना कसं बोलवायचं याचे नियम, पाळतात. त्यानुसार आरबीएक्स, आरबीपी आणि आर१२ ते आर१५ ही रजिस्टरं बोलावलेल्या फंक्शननं जशीच्या तशी परत द्यायची असतात. उडी मारणारा तुकडा ती सगळी जपत होता. दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे स्टॅकचं १६ बाइटांचं संरेखन: फंक्शन कॉलच्या क्षणी ते चुकलं तर मूव्हएपीएससारखी सूचना पुढे कुठेतरी कोसळते. पण इथे थांबलेली सूचना तशी नव्हती आणि संरेखनही ठीक होतं. म्हणून असेंब्ली बाजूला ठेवली.

उत्तर प्रोग्रॅममध्ये नव्हतंच. ते कर्नलच्या संदेशांत होतं. ते संदेश दाखवणाऱ्या डीमेसेजमध्ये प्रोसेसच्या नावापुढे एक ओळ होती: स्टॅक पॉइंटर अमुक, तो अमुक ते अमुक या पट्ट्यात आहे, आणि तो पट्टा मॅप_स्टॅक नाही. लिनक्सवर काम करणाऱ्याला डीमेसेजमधली सेगफॉल्टची ओळ सवयीची असते, पण तिच्यात कोअर फाइलपेक्षा वेगळं सहसा काही नसतं, त्यामुळे तिकडे नजर जातेच असं नाही. इथे संपूर्ण निदान त्या एका ओळीत होतं. ओपनबीएसडीवर कारण न कळणारा क्रॅश आला की डीबगरच्याही आधी डीमेसेज पाहावं, असं माझं ठाम मत या प्रकरणानंतर झालं.

यामागचा नियम २०१८ च्या ६.४ आवृत्तीत आला. हल्लेखोरांची एक जुनी युक्ती आहे: मेमरीतल्या एखाद्या चुकीचा फायदा घेऊन स्टॅक पॉइंटर हीपवरच्या (मॅलॉकसारख्यांनी दिलेल्या मेमरीतल्या), आपण भरलेल्या डेटाकडे वळवायचा आणि तिथे मांडून ठेवलेल्या परतीच्या पत्त्यांची साखळी चालवायची. ती मोडण्यासाठी कर्नल प्रत्येक सिस्टिम कॉलच्या आणि पेज फॉल्टच्या (मेमरीचं पान हाताशी नसल्यानं कर्नलला मध्ये यावं लागतं त्या) वेळी पाहतो की स्टॅक पॉइंटर स्टॅक म्हणूनच मागितलेल्या मेमरीत आहे की नाही. नसेल तर प्रोसेस मारली जाते. आता आपल्या कोरूटीनकडे पाहा. मॅलॉकनं घेतलेल्या मेमरीवर स्टॅक पॉइंटर नेणं हेच तर ते करतं. कर्नलच्या जागी उभं राहून पाहिलं तर हल्ला आणि ही रचना यांत काही फरक दिसत नाही. नुसती गणितं करताना ते कोरूटीन सुखरूप होतं, आणि कर्नलच्या दारात पहिलं पाऊल पडताच संपलं. म्हणूनच थांबलेली सूचना सिस्टिम कॉलची होती.

उपाय लहान होता. स्टॅक मॅलॉकऐवजी थेट कर्नलकडून मेमरी मागणाऱ्या एममॅपनं घेतला, अनामिक आणि खाजगी या दोन ध्वजांसोबत मॅप_स्टॅक हा ध्वज लावून. एममॅप दर जोडणीला करणं मॅलॉकपेक्षा महाग पडतं, म्हणून वापरून झालेले स्टॅक परत न देता एका यादीत ठेवले जातात आणि पुढच्या जोडणीला तेच मिळतात. हात घातलाच होता तर प्रत्येक स्टॅकच्या तळाशी एक पान एमप्रोटेक्टनं बंद केलं. मॅलॉकच्या स्टॅकवर ते नव्हतं. तिथे एखादं कोरूटीन जास्त खोल गेलं असतं तर शेजारच्या मेमरीवर गुपचूप लिहिलं गेलं असतं.

लिनक्सवर मॅप_स्टॅक हा ध्वज आहे, पण त्यावरून अशी तपासणी होत नाही. त्यामुळे हाच कोड दोन्हीकडे चालतो, वेगळी फांदी लागत नाही.

पस्तीस म्हणजे काय

आता उपकरणं जोडली जात होती, डेटा पुढे जात होता. नियंत्रण पोर्ट मात्र विचित्र वागत होता. त्याच यंत्रावरून जोडणी केली की बहुतेकदा आज्ञा चालायची. दुसऱ्या यंत्रावरून, जरा मंद नेटवर्कवरून केली की जोडणी होताक्षणी तुटायची. लॉगमध्ये एवढंच: वाचताना त्रुटी ३५.

लिनक्सवर ३५ म्हणजे ईडेडएलके. कुलपांची अशी मागणी झाली आहे की सगळेच एकमेकांसाठी अडकून राहतील, असा त्याचा अर्थ. नियंत्रण थ्रेड आणि मुख्य लूप यांच्यामध्ये एक म्यूटेक्स (थ्रेडांमधलं कुलूप) होताच. लिनक्सची सवय असलेल्या कोणालाही हे चित्र एकदम पटण्यासारखं आहे: नवी सिस्टिम, वेगळी थ्रेड लायब्ररी, कुलपाचा क्रम कुठेतरी उलटा झाला असणार. तपास त्या दिशेनं गेलाही.

त्या दिशेला खीळ बसली ती एका साध्या नियमानं. पीथ्रेडची, म्हणजे थ्रेड लायब्ररीची, फंक्शनं आपली त्रुटी परतीच्या मूल्यातून सांगतात, एररनोला हात लावत नाहीत. लॉगमध्ये छापला जात होता तो एररनो. म्हणजे हा ३५ म्यूटेक्सकडून आलेला असूच शकत नव्हता. फाइलवरची कुलपं एररनोमध्ये ही त्रुटी देऊ शकतात, पण या डेमनमध्ये ती कुठेच नाहीत. तेव्हा कुलपांचा विचार सोडून पुन्हा केट्रेस लावला. केडम्पच्या नोंदीत अ‍ॅक्सेप्ट (आलेली जोडणी स्वीकारणं) यशस्वी, लगेच पुढे रीड, आणि त्याचं उत्तर उणे एक, एररनो ३५. त्याच ओळीत शेजारी मजकूर होता: साधन तात्पुरतं उपलब्ध नाही. हे डेडलॉकचं वर्णन नाही. हे ईअगेनचं, म्हणजे ‘आत्ता काही नाही, पुन्हा पाहा’ या त्रुटीचं, वर्णन आहे.

लिनक्सवर ईअगेन ११ आणि ईडेडएलके ३५. बीएसडीच्या कुळात ईअगेन ३५ आणि ईडेडएलके ११. दोन आकडे बरोबर एकमेकांच्या जागी बसले आहेत. बीएसडीच्या एररनो हेडरमध्ये ११ च्या ओळीवर आजही टिप्पणी आहे की इथे पूर्वी ईअगेन होता. पॉझिक्स त्रुटींची नावं ठरवतं, आकडे ठरवत नाही, त्यामुळे नियमानं कोणीच चुकलेलं नाही. फसगत होण्याचं कारण वेगळं आहे: १ ते ३४ या आकड्यांत हा ११ वगळला तर बाकी सगळे दोन्हीकडे सारखे आहेत. सुरुवातीला आलेला ९ दोन्हीकडे अवैध डिस्क्रिप्टरच होता. अशा अनुभवानंतर आकड्यांवर विश्वास बसतो, आणि मग नेमका तोच एक आकडा समोर येतो. मजकूर छापण्याची सोय काढली नसती तर हा सगळा फेरा वाचला असता. स्ट्रएरर_आरभोवती एक छोटं आवरण लिहून मजकूर लॉगमध्ये परत आणला. पोर्टिंगमध्ये निदानाची साधनं सगळ्यात आधी दुरुस्त करावीत, ती शेवटासाठी ठेवू नयेत.

पण थांबून वाचणाऱ्या सॉकेटवर (जोडणीच्या आपल्याकडच्या टोकावर) ईअगेन येतोच कसा? हा प्रश्न खरा होता.

नव्या जोडण्या ऐकणारं सॉकेट ओ_नॉनब्लॉक, म्हणजे न थांबणारं, होतं, कारण त्यावर लूप लक्ष ठेवतो. अ‍ॅक्सेप्ट झालेलं सॉकेट पुढे नियंत्रण थ्रेडकडे दिलं जातं. लिनक्सवर अ‍ॅक्सेप्टनं मिळालेलं सॉकेट ऐकणाऱ्या सॉकेटचे असे ध्वज घेत नाही. ते नेहमी थांबणारं म्हणूनच जन्माला येतं. बीएसडी परंपरेत ते घेतं. म्हणून ओपनबीएसडीवर नियंत्रण थ्रेडच्या हाती न थांबणारं सॉकेट आलं. त्यानं लांबीचे पहिले चार बाइट वाचायला रीड केला. डेटा आधीच पोचलेला असेल तर काम झालं, नसेल तर ईअगेन, आणि उणे एक आला की जोडणी तुटली असं समजणारा कोड ती स्वतःच तोडून मोकळा. त्याच यंत्रावरून डेटा इतक्या चटकन येतो की बिघाड बहुतेकदा झाकलेलाच राहतो.

लिनक्सचं मॅन्युअल या फरकाबद्दल अगदी उघड बोलतं: आमचं वागणं मूळ बीएसडीपेक्षा वेगळं आहे, वारसा मिळेल किंवा मिळणार नाही यांपैकी कशावरही विसंबू नका, हवे ते ध्वज स्वतः लावा. या प्रकरणातला मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा इथे आहे. नव्या सिस्टिमनं काही मोडलेलं नसतं. जुन्या सिस्टिमनं न मागता काहीतरी दिलेलं असतं, आणि कोड ते हक्काचं धरून चालतो. म्हणून दोन सिस्टिमांचं वागणं जिथे वेगळं पडतं तिथे कोण बरोबर हे विचारण्यात वेळ घालवू नये. आपण धरून चाललेली गोष्ट आपल्याला कोणी कबूल केली होती का, हे विचारावं. इथे कोणीच केली नव्हती.

अ‍ॅक्सेप्टच्या जागी अ‍ॅक्सेप्ट४ घातला. तो लिनक्समध्ये २.६.२८ पासून आणि ओपनबीएसडीमध्ये ५.७ पासून आहे. नव्या सॉकेटनं थांबायचं की नाही हे त्याच्या ध्वजांवरूनच ठरतं, वारशानं काही येत नाही. शिवाय वाचणाऱ्या फंक्शनमध्ये ईअगेन आणि ईआयएनटीआर (सिग्नलमुळे कॉल मध्येच थांबणं) यांना जोडणी तुटल्यापासून वेगळं काढलं.

डीएफ, डीएफ, डीएफ

यानंतर डेमन बराच वेळ टिकू लागला आणि मग अधूनमधून पडू लागला. घडायचं ते उपकरणाची जोडणी तुटण्याच्या सुमारास, तेही उपकरणाकडे काही पाठवायचं शिल्लक असेल तेव्हा. कोअर फाइलमध्ये दोषी पत्ता अर्थपूर्ण नव्हता, पण एका रजिस्टरमध्ये आठही बाइट डीएफ (सोळाच्या पद्धतीतला आकडा) होते.

ओपनबीएसडीच्या मॅलॉकशी ओळख असलेल्याला एवढं पुरतं. फ्री केलेल्या, म्हणजे परत दिलेल्या, लहान मेमरीत ते मूळ व्यवस्थेतच डीएफ हे बाइट लिहून ठेवतं. त्यामुळे रजिस्टरमध्ये ही रांग दिसली की समजायचं, सोडून दिलेल्या मेमरीतून पॉइंटर वाचला गेला आहे. भरपूर संगणकीय बिघाड असे असतात की त्यांचं नाव शोधण्यातच सगळा वेळ जातो. इथे मेमरी व्यवस्थापक बिघाडाचं नाव स्वतःच लिहून ठेवतो. मला हे फार मोलाचं वाटतं.

मेमरी कुठे सुटली ते लूपमध्ये सापडलं. ईपोल एका डिस्क्रिप्टरमागे एकच घटना देतो. वाचता येतं, लिहिता येतं, दुसरं टोक बंद झालं, हे सगळं एकाच मास्कमध्ये. केक्यूमध्ये वाचनाचा फिल्टर वेगळा आणि लेखनाचा वेगळा, म्हणून एकाच जोडणीच्या दोन स्वतंत्र घटना एकाच खेपेत हाती येऊ शकतात. दोन्हींसोबत जोडणीच्या स्ट्रक्चरचा तोच पॉइंटर असतो. उपकरण निघून गेलं, वाचनाची घटना हाताळताना शेवट आला, कोडनं स्ट्रक्चर फ्री केलं. अ‍ॅरेमधली पुढची घटना त्याच जोडणीच्या लेखनाची, आणि तिच्यातला पॉइंटर आता गेलेल्या मेमरीचा. डिस्क्रिप्टर बंद केल्यावर केक्यूमधल्या नोंदी आपोआप निघतात खऱ्या, पण आधीच आपल्या अ‍ॅरेत उतरलेल्या घटना कर्नल परत घेऊ शकत नाही.

लूप अगदीच बेसावध नव्हता. फ्री करण्याआधी स्ट्रक्चरमधली स्थिती ‘बंद’ अशी लिहिली जायची आणि प्रत्येक घटनेपूर्वी ती तपासली जायची. म्हणजे गेलेल्या मेमरीतच ती गेली असल्याची खूण शोधली जात होती. ग्लिबसी लहान मेमरी फ्री करताना सहसा सुरुवातीचे १६ बाइटच आपल्या कामासाठी वापरते, बाकीचे तसेच राहतात. स्थितीचं क्षेत्र त्यापुढे होतं, म्हणून लिनक्सवर ‘बंद’ ही खूण नंतरही वाचता यायची आणि घटना सोडून दिली जायची. ओपनबीएसडीवर तिथे डीएफ मिळाले, ते ‘बंद’शी जुळले नाहीत, आणि कोड पुढे जाऊन कोरूटीनचा पॉइंटर वापरायला गेला.

मग लिनक्सवर हा दोष नव्हता का? होता. तिथेही उपकरणाची जोडणी तुटली की तिच्या जोडीची सर्व्हरकडची जोडणीही त्याच वेळी फ्री होते, आणि तिची घटना त्याच खेपेत पुढे उभी असू शकते. इतकंच नाही, मधल्या काळात नवं उपकरण जोडलं गेलं तर ग्लिबसी नुकतीच सुटलेली तीच जागा त्याला देऊ शकते, आणि मग एका जोडणीच्या घटनेनं दुसऱ्याच जोडणीचं कोरूटीन जागं होतं. पडताळणीसाठी लिनक्सवर ग्लिबसीचा मॅलॉक_परटर्ब_ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल शून्याखेरीज वेगळं मूल्य देऊन लावला, म्हणजे फ्री झालेली मेमरी तिथेही भरून टाकली जाते. उपकरणं पटापट जोडून तोडली, आणि इतकी वर्षं न पडलेला डेमन लिनक्सवरही पडला. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनानं फ्री करणारी आणि नंतर वाचणारी अशा दोन्ही ओळी दाखवल्या.

दुरुस्ती म्हणून स्ट्रक्चर लगेच फ्री न करता एका यादीत टाकलं जातं आणि खेपेतल्या सगळ्या घटना संपल्यावरच यादी रिकामी होते. स्थितीची तपासणी तशीच ठेवली. आता ती जिवंत मेमरीत होते, त्यामुळे तिला अर्थ आहे.

हे सगळे बदल मूळ कोडमध्येच परत घातले. एममॅपचा स्टॅक, अ‍ॅक्सेप्ट४, उशिरानं फ्री करणं, यांपैकी कशालाही सिस्टिमनुसार वेगळी फांदी लागली नाही. अशी फांदी फक्त घटनांच्या त्या पातळ थरात आहे. लिनक्सवरच्या चाचण्या आता मॅलॉक_परटर्ब_ लावूनच चालतात. फ्रीबीएसडीसाठीची बांधणी सुरू आहे आणि तिथे एक अपवाद करावा लागला: मॅप_स्टॅक हे नाव तिथेही आहे, पण त्याचा अर्थ गरजेप्रमाणे खाली वाढत जाणारा प्रदेश असा आहे. आम्हाला ठरलेल्या मापाचा, तळाशी आपण स्वतः बंद केलेलं पान असलेला स्टॅक हवा आहे, म्हणून फ्रीबीएसडीच्या बांधणीतून तो ध्वज वगळला आहे.